मॉड्युलर सिंथचं कॅबिनेट : लाकूड, पॉलिश, पॅनेल आणि नॉब कसे निवडावेत?

खर्जातला_सा

युरोरॅकसाठी, म्हणजे सुटे भाग (मॉड्यूल) एका चौकटीत बसवून केबलने जोडायच्या सिंथेसायझरसाठी, कायमचं कॅबिनेट करून घ्यायचं आहे. तीन ओळी, प्रत्येक ओळ रुंदीला १०४ एचपी (एक एचपी ५.०८ मिमी) आणि उंचीला ३यू (एक यू ४४.४५ मिमी), म्हणजे एकूण ९यू. वीज बाहेरच्या अडॅप्टरवरून, आत २३० व्होल्ट येणार नाहीत. मॉड्यूल बहुतेक ठरलेत, त्यातल्या सहा-सातांची पॅनेलं मात्र वेगळी कापून घ्यायची आहेत.

वाद्य आठ महिने पुण्यात आणि पावसाळा धरून चार महिने दापोलीत असेल. सुतार म्हणतो सागवान घ्या, वर मेलामाइनचं पॉलिश मारा. डोळ्यांना शिसवी आवडते. अक्रोडही मनात आहे, कारण जुन्या मूग मॉड्युलरचा तो तपकिरी थाट. पॅनेल काळं अॅनोडाइज्ड (विजेच्या टाकीत ऑक्साइडचा थर चढवलेलं अॅल्युमिनियम) की पितळी, नॉब धातूचे की बेकलाइटचे, हेही ठरत नाहीये. खर्चाची ओढाताण नाही. दहा वर्षांनी चिकट, पांढरट किंवा गंजकं होऊ नये, एवढंच.

सुतारपक्षी

लाकूड कुठलं, हा प्रश्न दुसरा. आधी लाकडाच्या तंतूंच्या रेषा कुठल्या दिशेला जाणार ते ठरवा.

लाकूड रेषेच्या लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. साध्या चिरलेल्या सागवानी फळीत ओलावा एक टक्क्याने वाढला की रुंदी साधारण ०.१९ टक्क्याने वाढते. टोकाकडून पाहिल्यावर जिची वर्तुळं उभी दिसतात, ती फळी याच्या निम्मीच फुगते. पुण्यात एप्रिल-मेमध्ये लाकडातला ओलावा ७-८ टक्क्यांवर उतरतो. दापोलीत जुलैअखेर तो १७-१८ वर जाऊ शकतो. दहा टक्क्यांचा फरक धरून चला.

आता बाजूची फळी घ्या. तीन ओळींचे ४००.०५ मिमी, वर-खाली १८ मिमीच्या फळ्या, म्हणजे उंची ४३६. खोली १८० धरू. सुताराने लाकूड वाचवायला रेषा खोलीच्या दिशेने आडव्या घातल्या, तर हलणार ती उंची. मॉड्यूलची वरची आणि खालची भोकं १२२.५ मिमी अंतरावर असतात, आणि दोन रेलमधलं (मॉड्यूल ज्यांना स्क्रूने बसतात त्या धातूच्या आडव्या पट्ट्यांमधलं) तेच अंतर या फळीच्या भरवशावर आहे. १२२.५ चे १.९ टक्के म्हणजे २.३ मिमी. एम३ (३ मिमी) स्क्रूच्या ३.२ मिमीच्या भोकात एवढी माया नसते. पावसाळ्यात काढलेलं मॉड्यूल पावसाळ्यात परत बसत नाही, अशी तक्रार आली की नव्वद टक्के वेळा कारण हेच.

रेषा उभ्या ठेवल्या की हलणं सगळं खोलीत जातं. १८० मिमीत साडेतीन मिमीपर्यंत, पण तिथे कुणाचं काही अडत नाही. वरच्या-खालच्या फळ्यांच्या रेषा डावीकडून उजवीकडे. चारही फळ्यांच्या रेषा डब्याभोवती पट्टा गुंडाळल्यासारख्या फिरल्या पाहिजेत, मग चारही एकत्र फुगतात आणि सांधा तोंड उघडत नाही. मागचं झाकण प्लायचं असेल तर सरळ स्क्रू मारा. अखंड लाकडाचं हवं असेल तर खाचेत मोकळं ठेवा, चिकटवू नका. आणि बाजूच्या फळीवर पुढून मागे जाणारी कुठलीही धातूची पट्टी (मूठ, ब्रॅकेट, काहीही) लावलीत तर तिचं एक भोक गोल आणि दुसरं लांबट पाहिजे. दोन्ही घट्ट केलीत तर पहिल्याच उन्हाळ्यात फळीला तडा.

मापाबद्दल : १०४ गुणिले ५.०८ म्हणजे ५२८.३२ मिमी. हा आकडा सुताराला देऊ नका. रेल हातात आली की ती मोजा आणि ते माप द्या, कारण वेगवेगळ्या ठिकाणच्या रेल काही दशांश मिलिमीटर मागे-पुढे असतात. आतली रुंदी रेलपेक्षा अर्धा मिमी जास्त ठेवा, उरलेली फट पातळ वॉशरने भरा. सांधा चिकटवतानाच रेल आत घालून क्लॅम्प लावले तर डबा काटकोनात राहतो. अॅल्युमिनियम उष्णतेने फुगतं त्याची काळजी करू नका, वीस अंशाच्या फरकाने पाव मिमी.

आता लाकूड. सागवान तुमच्या वापराला सगळ्यात समजूतदार, कमी हलतं आणि वाळवी लवकर शिवत नाही. दोन कटकटी आहेत. त्यात सिलिका असते, ती पात्याची धार खाते, म्हणून भोकं कार्बाइडच्या पात्याने. आणि त्यातलं तेल गोंदाला व पॉलिशला विरोध करतं. चिकटवण्याआधी सांधा अॅसिटोनच्या फडक्याने पुसा आणि लगेच, तासाभराच्या आत, गोंद लावा. सकाळी पुसून ठेवलं आणि संध्याकाळी चिकटवलं तर पुसलं नाही असंच समजा.

शिसवी दिसायला राजेशाही आणि जड. पण वजनाची भीती लोक उगाच घेतात. या डब्याच्या चार फळ्यांत सागवान चार-साडेचार किलो, शिसवी त्यापेक्षा किलोभर जास्त. अक्रोड सागवानाच्याच आसपास. अक्रोड उन्हाने फिका होत जातो, सागवानाचे कोरे पट्टे उजेडात एकसारखे सोनेरी होतात. म्हणून नवीन डब्यावर पहिले काही महिने एखादी वस्तू एकाच जागी ठेवू नका, खाली तिचा आकार उमटतो.

खर्जातला_सा

रेषांचा विचारच केला नव्हता, सुतार आडव्याच घालणार होता. सरळ मरीन प्लाय किंवा एमडीएफवर शिसवी विनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) लावलं तर हे हलण्याचं प्रकरण मिटेल ना?

खाऱ्या_वाऱ्याची

प्लायने मिटेल, एमडीएफने वेगळं सुरू होईल.

एमडीएफचा पत्रा सपाट असतो, पण कापलेली कड स्पंजासारखी पाणी पिते आणि फुगलेली कड परत बसत नाही. त्याच कडेत रेलचे स्क्रू येणार. किनाऱ्यावर एमडीएफ नको.

प्लाय घ्यायचा तर शिक्का बघून. मरीन ग्रेड म्हणजे आयएस ७१०. आयएस ३०३ मध्ये बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारा) आणि एमआर (फक्त ओलाव्याला टिकणारा) असे दोन प्रकार येतात, त्यातला एमआर घेऊ नका. १८ मिमी म्हणून मिळणारा पत्रा कधी १७ भरतो, तेव्हा खाचा कापण्याआधी कॅलिपर लावा. विनियर दोन्ही अंगांना लावायचं. बाहेर शिसवी आणि आत काहीच नाही असं केलं की फळी वाटीसारखी वाकते. आतून स्वस्तातलं सागवानी विनियर चालतं, जाडी सारखी असली म्हणजे झालं. कडांना विनियरची पट्टी न लावता ६-८ मिमी जाड अखंड लाकडाची लिपिंग लावा. वाद्य उचलताना हात आणि आदळआपट दोन्ही कडेवरच येतात, आणि पट्टी तिथूनच सुटते.

पॉलिशलाही हाच नियम. आत-बाहेर सारखे हात. आतली बाजू कोरी ठेवणारे सुतार भरपूर आहेत, "दिसतंय कुणाला" म्हणून.

एक गोष्ट बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही. हा डबा बंद असतो आणि आत उघड्या चांदी-तांब्याचे संपर्क असतात. फट बुजवायला व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका, ते सुकताना अॅसेटिक अॅसिड सोडतं आणि जॅकचे (केबल खुपसायच्या भोकांचे) संपर्क काळे-हिरवे पडतात. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या.

सतारीचा_भोपळा

पॉलिशबद्दल माझं मत वेगळं आहे, आधीच सांगतो. चपडा.

मिरजेत सतार-तंबोऱ्याला (२०२४ पासून जीआय मानांकन असलेल्या) लाखेचंच पॉलिश चढवत आले आहेत, आणि ते काही हौसेपोटी नाही. ओरखडा पडला तर तेवढाच भाग स्पिरिटच्या गोळ्याने परत मिसळून घेता येतो. पीयूला (पॉलियुरेथेनच्या पॉलिशला) हे जमत नाही, अख्खी बाजू घासावी लागते. लाकडाचा रंगही चपड्याखाली जसा खुलतो तसा इतर कशाखाली खुलत नाही.

प्रमाण : १ लिटर स्पिरिटमध्ये १२० ग्रॅम चपडा. रात्रभर भिजवा, मलमलीतून गाळा. गोळा सुती कापडाचा, आत कापूस, तळाला तेलाचा एक थेंब. गोळा फळीवर कधी थांबवायचा नाही, थांबला की खालचं विरघळून खड्डा पडतो. भिजवलेला चपडा सहा महिन्यांपलीकडे वापरू नका. शंका आली तर काचेवर एक थेंब टाका, दुसऱ्या दिवशी नखाला चिकट लागला तर बाटली ओतून द्या. जुना चपडा कधीच कडक होत नाही.

खाऱ्या_वाऱ्याची

भोपळा, तंबोऱ्याला अनुमोदन. मॉड्युलरला नाही. चपड्यावर ओल्या पेल्याचं पांढरं वर्तुळ उमटतं, आणि दमट हवेत लावताना तो स्वतःच पांढुरका होतो. त्याहून मोठी अडचण मॉड्यूल एकमेकांना जोडणाऱ्या पॅच केबलची. पीव्हीसीच्या केबल रात्रंदिवस त्या लाकडावर लोळणार. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर घातलेलं असतं, ते हळूहळू बाहेर येतं आणि चपडा किंवा नायट्रोसेल्युलोज लॅकर मऊ करतं. महिनाभराने केबल उचलली की खाली तिचा ठसा आणि लाकूड चिकट. गिटारच्या स्टँडचं रबर लॅकरवर डाग पाडतं, तोच प्रकार. रबरी पायांनाही लागू.

त्यामुळे वरचा थर दोन भागांचा पीयू. मेलामाइनही केबलला दाद देत नाही, पण अॅसिडने पक्कं होणारं आहे आणि फॉर्माल्डिहाइडचा वास आठवडे रेंगाळतो. बंद डब्यात मला ते नको वाटतं. तुमच्या सुताराला वाईट वाटेल, वाटू दे.

सुतारपक्षी

दोघांचं जमतं. चपडा खाली, पीयू वर. फक्त चपडा मेणविरहित पाहिजे, नाहीतर पीयू पापुद्र्यासारखा निघतो. विरघळलेली बाटली न हलवता तीन-चार दिवस ठेवली की मेण तळाशी बसतं, वरचं निवळ ओतून घ्यायचं. हा चपड्याचा हात सागवान आणि शिसवी दोघांनाही हवाच. दोघांतले नैसर्गिक पदार्थ तेलकट पॉलिश सुकू देत नाहीत, चपडा मध्ये भिंत घालतो. नुसतं तेल लावलेली शिसवी पंधरा दिवसांनीही हाताला लागते ती यामुळेच.

क्रम असा. पेपर १२०, मग १८०, मग २४०, तिथेच थांबा. ४०० पर्यंत गुळगुळीत केलं की पुढच्या थराला धरायला काही उरत नाही. अॅसिटोनने पूस, लगेच चपड्याचा एक हात. दुसऱ्या दिवशी पीयू सीलरचे दोन हात, प्रत्येकानंतर ३२० ने हलकं घासून धूळ ओढून घ्या. मग टॉपकोटचे दोन हात. मॅट, सॅटिन, ग्लॉस यांत सॅटिन. ग्लॉसवर बोटांचे ठसे आणि रंगमंचाचे दिवे दोन्ही दिसतात. पूर्ण मॅटवर मनगट टेकतं तिथे वर्षभरात चकाकी चढते आणि डबा तेवढ्याच जागी जुना दिसतो.

हे सगळं पुण्यात आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरका. पीयूच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट हवेतल्या पाण्याशीही रिअॅक्ट होतं, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि थरात टाचणीच्या टोकाएवढे फोड दिसतात. हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांवर असेल तर फवारा बंद. फवारणाऱ्याला सेंद्रिय वाफेच्या काडतुसांचा मास्क लागतो. रुमाल किंवा धुळीचा मास्क आयसोसायनेटला काहीच अडवत नाही आणि एकदा त्याने दमा जडला की जन्माचा. शिसवी घासतानाही मास्क आणि पूर्ण बाह्या. तिच्या भुशाने कातडीवर पुरळ उठणारे कारागीर सगळीकडे आहेत.

शेवटचा हात मारल्यावर निदान दोन-तीन आठवडे डबा उघडा ठेवा. बोटाला कोरडं लागतं म्हणजे आतलं थिनर गेलं असं नाही. ते उरलेलं बंद डब्यात नॉबच्या आणि स्लायडरच्या प्लास्टिकवर जातं.

एडिसनकर

शिसवीबद्दल एक टीप, वाद्य कधी परदेशी न्यायचं असेल तर. डाल्बर्जिया वंशातली जवळपास सगळी झाडं, म्हणजे आपली शिसवी आणि शिसम दोन्ही, २०१७ पासून साइट्सच्या (धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट दोनमध्ये आहेत. २०१९ मध्ये तयार वाद्यं, त्यांचे तयार भाग आणि अॅक्सेसरीज यांना सूट मिळाली. पण रिकामा लाकडी डबा कस्टमवाल्याच्या डोळ्यांना वाद्य दिसत नाही, फर्निचर दिसतं. रेल आणि मॉड्यूल बसवूनच न्या, आणि बिलावर "वाद्याचं कॅबिनेट" असं आणि लाकडाचं शास्त्रीय नाव लिहून घ्या. सागवान किंवा अमेरिकन अक्रोड असेल तर ही कटकट नाही.

डाग_सोल्डर

आता पॅनेल. लोक इथे रंगात अडकतात आणि माप व अर्थिंग विसरतात.

पत्रा २ मिमी अॅल्युमिनियम, ५०५२ किंवा ६०६१. अॅनोडायझिंग या दोन्हींवर सारखं बसतं. भंगारातला अनोळखी पत्रा दिलात तर एकाच ताटातली दोन पॅनेलं दोन काळ्या रंगांची येतात. सगळी पॅनेलं एकाच पत्र्यातून, एकाच वेळी टाकीत. उंची १२८.५, भोकं वरच्या-खालच्या कडेपासून ३ मिमीवर, डावीकडचं पहिलं भोक ७.५ मिमीवर. रुंदी मात्र एचपी गुणिले ५.०८ नाही, त्याहून किंचित कमी : ४ एचपीला २०.०, ८ ला ४०.३, १२ ला ६०.६. हे कमी केलेलं ०.३ मिमीच शेजारच्या मॉड्यूलला जागा देतं.

म्हणून पावडर कोटिंगचा हट्ट असेल तर सावध. अॅनोडायझिंग १०-१५ मायक्रॉन, मापात पकडू नका. पावडर ६० ते १०० मायक्रॉन, तीही प्रत्येक बाजूला. ३.२ चं भोक ३.० होतं आणि एम३ स्क्रू रंग खरवडत आत जातो. १२ एचपीचं पॅनेल ६०.६ चं ६०.८ होतं. शेजारच्या मॉड्यूलसाठी ठेवलेली फट निम्म्याहून कमी उरते. पावडर हवीच तर भोकं ३.४ आणि रुंदी आणखी ०.२ ने कमी करून कापा. जॅकचं ६ मिमी आणि पॉटचं (नॉबखालच्या फिरत्या रोधकाचं) ७ मिमी भोकही त्याच हिशेबाने.

अक्षरं : वरून केलेली यूव्ही छपाई घामाने आणि नखाने जाते, नेमकी जास्त वापराच्या नॉबभोवती. काळ्या अॅनोडाइज्डवर लेझरने रंग जाळून काढलेली अक्षरं राखाडी-पांढरी दिसतात आणि थरातच असल्यामुळे पुसली जात नाहीत. रेघ ०.२ मिमीपेक्षा बारीक नको.

आणि अर्थिंग. अॅनोडाइज्ड थर विजेला अडवतो. मल्टीमीटरची टोकं पॅनेलवर हलकेच टेकवा, सर्किट उघडं दाखवेल. ओरखडा काढून टेकवा, शून्य. म्हणजे अंगभर काळं केलेलं पॅनेल कशालाच जोडलेलं नसतं. पुण्याच्या जानेवारीत लोकरी स्वेटर घालून कुणी हात लावला की स्थितिक विजेची ठिणगी पॅनेलवरून जवळच्या जॅकच्या टोकावर उडी घेते, आणि त्या टोकामागे चिप असते. उपाय दहा मिनिटांचा. प्रत्येक पॅनेलच्या पाठीमागे एका भोकाभोवती ८ मिमीचं वर्तुळ कानशीने चकचकीत करा, रेल आणि पॅनेलमध्ये दातेरी वॉशर टाका. रेलही अॅनोडाइज्ड असते, तिथेही खरवडा. सगळ्या रेल एका तारेने जोडून ती तार वीजपुरवठ्याच्या ग्राउंडला एकाच जागी न्या, दोन जागी नको. मग मीटर लावून कुठल्याही पॅनेलच्या खरवडलेल्या जागेपासून ग्राउंडपर्यंत एक ओहमच्या आत यायला हवं.

पितळ : १२ एचपीचं अॅल्युमिनियम पॅनेल सुमारे ४२ ग्रॅम, पितळी १३२. दिसतं झकास, अर्थिंग आपोआप होतं. पण घामाने बोटांचे काळे ठसे आणि दापोलीत हिरवी पुटं. लॅकर लावलं तर नॉबच्या कडेने तेच आधी उडतं आणि डाग ठिपक्यांत पडतात. मला विचाराल तर तिन्ही ओळी काळ्या आणि पितळ फक्त नावाच्या पाटीला.

सतारीचा_भोपळा

पाटीसाठी कसब्यातल्या तांबट आळीत ठोक्याचं तांबं करून मिळेल. ठोकलेला पत्रा सपाट नसतो, त्यामुळे मॉड्यूलचं पॅनेल त्याचं करू नका, नट एका कडेवर बसेल आणि पॉट तिरका होईल. पाटीला तोच खडबडीतपणा शोभतो.

खर्जातला_सा

डाग_सोल्डर, खरवडण्याचं लक्षात ठेवतो. एफआर४ ची, म्हणजे सर्किट बोर्डाचीच पॅनेलं केली तर? आणि स्क्रू-नॉबचं राहिलं.

डाग_सोल्डर

एफआर४ चांगलं, छोट्या मॉड्यूलला. १.६ मिमी जाडी, मागे तांब्याचा पूर्ण थर ग्राउंडला जोडता येतो, सोन्याच्या थरातली अक्षरं पुसत नाहीत. १६ एचपीच्या पुढे मधल्या जॅकमध्ये प्लग ढकलताना पॅनेल दबतं. कड १०००च्या ओल्या पेपरने घासा, काचेचे तंतू बोटात घुसतात.

स्क्रू काळे हवेत म्हणून ब्लॅक ऑक्साइड घेऊ नका, दापोलीत पहिल्या महिन्यात तांबडे. ए४ स्टेनलेस, म्हणजे ३१६. अॅल्युमिनियमच्या रेलमध्ये स्टेनलेस आणि खारट ओलावा एकत्र आले की अॅल्युमिनियम पांढऱ्या पुडीसारखं झिजतं, म्हणून स्क्रूच्या आट्यांना पेट्रोलियम जेलीचं बोट. स्क्रूच्या डोक्याखाली नायलॉनचा वॉशर पॅनेलची चकाकी वाचवतो. अर्थिंग मागून होतंय, त्यामुळे बाधा नाही. रेलमध्ये सरकते नट वापरलेत तर तेही स्टेनलेसचे. आतला नट गंजला की अख्खी ओळ उसवावी लागते.

नॉब ठरवण्याआधी पॉटचा दांडा बघा. दातेरी टी१८ दांडा मध्ये चिरलेला असतो, त्यावर बाजूच्या स्क्रूने आवळायचा धातूचा नॉब बसवला की दोन्ही फाका आत दबतात आणि नॉब तिरका फिरतो. अशा दांड्याला दाबून बसणारा नॉब. ६ मिमीच्या गोल किंवा डी दांड्यालाच आवळायचा स्क्रू, आणि डी असेल तर स्क्रू सपाट अंगावर. नॉबच्या खालच्या कडेत आणि पॅनेलमध्ये एक मिमी फट ठेवा. धातूचा नॉब धातूला घासला की त्याचा आवाज हाताला लागतो. बेकलाइट खडखडीत, घामाला आणि दमट हवेला दाद देत नाही, फक्त फरशीवर पडला की टवका. फिल्टर कटऑफसारख्या (आवाजाची धार कमी-जास्त करणाऱ्या) सतत फिरणाऱ्या दोन-तीन जागी मोठा अॅल्युमिनियमचा, बाकी बेकलाइट, असं करा.

मऊ रबरासारखा थर दिलेले, म्हणजे सॉफ्ट टच नॉब, दुकानात सगळ्यात छान वाटतात. तेच घेऊ नका. तो पॉलियुरेथेनचा थर हवेतल्या पाण्याने तुटतो आणि पाच-सात वर्षांत डिंकासारखा होतो. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढण्यावाचून गत नाही, खाली जे प्लास्टिक निघेल ते. आतल्या स्पंजाच्या पट्ट्याही पॉलियुरेथेनच्या नकोत, त्यांचं पीठ होतं. ईव्हीए किंवा नमदा.

एडिसनकर

यावरून आठवलं. दिसणारं फिनिश शाबूत आणि आतल्या पदार्थाने वाद्य आडवं केलं, अशी दोन प्रसिद्ध उदाहरणं आहेत. रोलँड जुनो-१०६ (१९८४) मधल्या ८००१७ए चिपवर काळं रेझिन ओतलेलं असतं. वर्षांनी ते किंचित वीज वाहू लागतं आणि सहातला एखादा आवाज खरखरतो किंवा बंद पडतो. चिप अॅसिटोनमध्ये भिजवून रेझिन काढलं की बऱ्याच वेळा परत चालते. जेडी-८०० (१९९१) मध्ये पट्ट्यांची वजनं ज्या लाल गोंदाने चिकटवली, तो पातळ होऊन संपर्कांवर ओघळतो. कॉस्टिक सोड्यात पट्ट्या भिजवून तो काढतात. तेव्हा नवीन मॉड्यूल बनवताना घटक "हलू नयेत" म्हणून हाताशी असलेला कुठलाही गोंद ओतू नका.

तळ्यातमळ्यात

मध्येच घुसतो. याच डब्यावर एका बाजूला थेरेमिन (स्पर्श न करता, अँटेनाजवळ हात हलवून वाजवायचं वाद्य) बसवायचं असेल तर पितळी पाटी वगैरे चालेल का?

डाग_सोल्डर

नाही. थेरेमिनमध्ये फिनिश हा सर्किटचाच भाग. हात आणि अँटेना यांच्यातली पिकोफॅरडच्या अंशातली धारिता मोजली जाते, त्यामुळे जवळचा जोडलेला-न जोडलेला प्रत्येक धातू सूर हलवतो. म्हणून १९२९ च्या आरसीए थेरेमिनची आणि २०२० च्या मूग क्लॅराव्हॉक्सचीही पेटी लाकडीच आहे. धातूची चमक असलेला रंग, ग्रॅफाइट किंवा काजळीचा काळा स्टेन, आतून चिकटवलेली फॉइल, तिन्ही बाद. ओलं लाकूडही धारिता बदलतं, म्हणजे दापोलीत वाजवण्याआधी दर वेळी पिच नव्याने जुळवावी लागेल. युरोरॅकच्या अॅल्युमिनियमच्या भिंतीला चिकटून तर नकोच. वेगळी लाकडी पेटी, वेगळा स्टँड, मधे हातभर अंतर.

खर्जातला_सा

ठरवतोय ते लिहितो, चूक असेल तर टोका. १८ मिमी सागवान, बाजूंना उभ्या वर्तुळांची फळी, रेषा डब्याभोवती फिरत्या. मागचं झाकण ६ मिमी मरीन प्लाय, दोन्हीकडे विनियर. मेण काढलेला चपडा एक हात, पीयू सीलर दोन, सॅटिन टॉपकोट दोन, आत-बाहेर सारखं. काम डिसेंबरात. पॅनेलं २ मिमी ५०५२, काळी अॅनोडाइज्ड, लेझर अक्षरं. ए४ स्क्रू. बेकलाइट नॉब, कटऑफला अॅल्युमिनियम. शिसवी फक्त पुढच्या कडेच्या लिपिंगला. पाटी तांब्याची.

सुतारपक्षी

एक सोडून सगळं बरोबर. शिसवीची लिपिंग पुढच्या कडेला लावाल तेव्हा तिची रेषाही फळीच्या रेषेच्याच दिशेने, म्हणजे बाजूंना उभी आणि वर-खाली आडवी. आणि पॉलिश सुरू करण्याआधी त्याच फळीचे उरलेले तीन तुकडे मागून घ्या, प्रत्येक हात तुकड्यांवर आधी. एक तुकडा पीव्हीसी केबल गुंडाळून दापोलीच्या माळ्यावर ठेवा, एक पुण्यात उन्हात, एक सुताराकडे रंग जुळवायला.

खाऱ्या_वाऱ्याची

माळ्यावरच्या तुकड्याला रबरी पायही स्क्रूने लावून ठेवा, आणि मधे एक नमद्याची चकती घातलेला दुसरा. कुठला डाग पाडतो ते गणपतीपर्यंत कळेल.

खर्जातला_सा

म्हणजे चार तुकडे. सुताराला आजच सांगतो.